पहिल्या पायरीवर किती दिवस उभे राहणार?



गेल्या हिवाळ्यात आमच्या विहारातली पंचवीस-तीस माणसे घारापुरीला गेली होती. घारापुरी म्हणजेच एलिफंटा. मुंबईकरांना हे बेट आपलेच वाटते, पण ते आमच्या उरण तालुक्यात आहे. बहुतेक पाहुणे शैव लेणी पाहून परत फिरतात. आम्हाला पूर्वेकडच्या टेकडीवरचे बौद्ध स्तूपाचे अवशेष पाहायचे होते, म्हणून बायाबापड्यांना घेऊन, भाकरी-चटणीच्या पुरचुंड्या बांधून आम्ही निघालो होतो.

आमच्यात वस्तीतली एक मुलगी होती. बारावीला तिने फ्रेंच घेतली होती आणि तिला शंभरात त्र्याण्णव गुण पडले होते. वडील कंटेनर यार्डात कंत्राटावर काम करतात. पोरीला फ्रेंच येते हे त्यांनी बोटीत बसल्यापासून चार जणांना तरी सांगितले असेल.

पायऱ्यांपाशी एक वयस्कर जोडपे भेटले. ते फ्रान्सचे होते. वडिलांनी मुलीला पुढे केले. ती म्हणाली, “बोंझूर,” आणि आपले नाव सांगितले. त्या बाईंना फार आनंद झाला. त्यांनी हसत हसत दोन-तीन प्रश्न विचारले. मुलीचा चेहरा उतरला. तिने परत आपले नाव सांगितले. बाईंनी पुन्हा सावकाश विचारले. मुलगी जमिनीकडे पाहत राहिली.

“बोल की गं, थांबलीस कशाला?” वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण ते वाक्य त्या पोरीला किती लागले असेल!

परतीच्या बोटीत ती आमच्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “काका, मी फ्रेंच सोडते. त्र्याण्णव मार्कांची मला लाज वाटते.”

वाचकहो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. कारण अकरावीच्या प्रवेशावेळी “फ्रेंच घेऊ द्या, मार्क चांगले पडतात” असे तिच्या वडिलांना सांगणारे आम्हीच होतो. पुढच्या वर्गाची फी भरायची की धाकट्या मुलाच्या आय.टी.आय.ला पैसे ठेवायचे, असा प्रश्न त्या घरात पडला होता. आमचा सल्ला चुकला असेल तर त्याची किंमत ते घर मोजणार होते.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. आम्ही बी.कॉम. झालो. वीस-बावीस वर्षे कचेरीत इंग्रजीतून टिपणे लिहितो. पण परगावचा साहेब समोर बसला की आमचीही जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा त्या मुलीची लाज आम्हाला पुस्तकातून समजून घ्यावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बोलावले आणि कारकुनी पद्धतीने हिशेब मांडायला सांगितला. दोन वर्षांत फ्रेंच किती तास लिहिलीस, किती तास वाचलीस, किती तास ऐकलीस आणि आपल्या तोंडाने किती तास बोललीस? लिहिणे-वाचणे भरपूर निघाले. ऐकणे थोडे. बोलणे सगळे मिळून एक तासही भरले नाही. ठरीव उताऱ्यांची ठरीव उत्तरे पाठ करून गुण मिळाले होते. खात्यात जमाच नव्हती, मग घारापुरीच्या पायरीवर खर्चायला कुठून येणार? पोर ढ नव्हती, तिचा सराव एकांगी झाला होता.

भाषेच्या पायऱ्या युरोपातल्या राष्ट्रांनी ठरवून दिल्या आहेत. ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा त्या सहा आहेत. २००१ साली ही रचना प्रसिद्ध झाली. ए म्हणजे नवशिका. नाव, गाव, भाव, वेळ एवढे त्याला जमते. बी-१ वाला प्रवासात आपले आपण निभावतो, घडलेली हकीगत सांगतो, आपले मत दोन कारणांसह मांडतो. फ्रेंचमध्ये पदवीचे शिक्षण घ्यायचे तर साधारणपणे बी-२ मागतात. शिकवणाऱ्यांचा ढोबळ अंदाज असा, की पहिल्या पायरीला शंभरेक तास लागतात आणि बी-१ ला पोहोचेपर्यंत एकूण साडेतीनशे ते चारशे. म्हणजे रोज एक तास दिला तर वर्षभराचे काम. महिन्याभरात फ्रेंच शिकवतो म्हणणाऱ्या जाहिराती पाहिल्या की हा हिशेब आठवावा.

या पायऱ्यांची जी ‘डेल्फ’ परीक्षा असते, तिच्यात ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही भागांना पंचवीस-पंचवीस गुण असतात. उत्तीर्ण व्हायला शंभरात पन्नास तर हवेतच, पण प्रत्येक भागात किमान पाच हवेत. एका भागात पुरता झोपलेला माणूस बाकीच्या तिन्हींच्या जोरावर तरत नाही. ही अट आम्हाला फार शहाणपणाची वाटली.

मग पुढे जायचे कसे? आम्हाला फ्रेंच येत नव्हती. पण मुलगी सांगत गेली, आम्ही विचारत गेलो आणि एक गंमत ध्यानात आली. ती फ्रेंच इंग्रजीच्या दारातून शिकत होती, आणि जिथे इंग्रजीचे दार अरुंद आहे तिथे आपल्या मराठीचे दार सताड उघडे आहे!

पहिली अडचण भूतकाळाची. फ्रेंचमध्ये नेहमीच्या वापरातले दोन भूतकाळ आहेत, ‘पासे कोंपोझे’ आणि ‘अँपार्फे’. कोणता कुठे वापरायचा यावर नवशिके अडखळतात. आम्ही तिला विचारले, “‘आजीने काल दळण दळले’ आणि ‘आजी पहाटे उठून दळायची’ यांत फरक काय?” ती म्हणाली, “पहिलं एकदा झालं आणि संपलं. दुसरं नेहमीचं होतं.” झाले की! दळले म्हणजे पासे कोंपोझे, दळायची म्हणजे अँपार्फे. सगळे बारकावे यात येत नाहीत, पण दहातली सात-आठ वाक्ये तरी या कसोटीवर बरोबर उतरतात. आणि फ्रेंचमध्ये ‘मी जायचो’ याला जो शब्द आहे त्याचा उच्चार जवळजवळ ‘झाले’ असा होतो. तो ती आता जन्मात विसरणार नाही.

दुसरी अडचण क्रियापदाच्या रूपाची. ‘मी पत्र लिहिले’ पण ‘मी चिठ्ठी लिहिली’. कर्माचे लिंग बदलले की आपले क्रियापद बदलते. इंग्रजीत असे काही नाही. फ्रेंचमध्ये मात्र कर्म आधी आले की हेच होते. ‘मी लिहिलेले पुस्तक’ म्हणताना ‘एक्री’ आणि ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना ‘एक्रीत’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम जाच वाटतो. मराठी माणसाने मात्र तो आईच्या मांडीवर गिरवलेला असतो.

तिसरी अडचण, ज्याला इंग्रजीत सबजंक्टिव्ह म्हणतात तिची. नवशिक्यांच्या पुढचे विद्यार्थी इथे हटकून घाबरतात. पण ‘तू येतोस’ आणि ‘तू यावेस’ यांतला फरक आपल्याला कळतो ना? आपला विध्यर्थ तो हाच, किंवा त्याचा जवळचा भाऊबंद. ‘तू येतेस’ याला फ्रेंच ‘त्यु व्यँ’ म्हणते, आणि ‘तू यायलाच हवेस’ म्हणताना ‘व्यँ’चे ‘व्येन’ होते. तू आणि तुम्ही हा भेदही त्यांच्यात आहे, ‘त्यु’ आणि ‘व्हू’. वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला एकदम ‘त्यु’ म्हणू नये, हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही.

लिंगाचे म्हणाल तर आपल्याला तीन लिंगांची सवय, त्यांची दोनच. फक्त आपले लिंग त्यांच्यावर लादू नये. आपला समुद्र पुरुष आहे, त्यांचा स्त्री, ‘ला मेर’. म्हणून शब्द पाठ करताना मागचे ‘ल’ किंवा ‘ला’ धरूनच पाठ करावा.

आकड्यांची हकीगत तर सांगितलीच पाहिजे. फ्रान्सची माणसे सत्तरला ‘साठ-दहा’ म्हणतात, ऐंशीला ‘चार-वीस’ आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’. मुलगी ओट्यावर बसून हे घोकत होती. तिची आजी निवडत बसली होती. शाळेचे तोंड न पाहिलेली ती म्हातारी म्हणाली, “अगं बाय, ह्यात काय अवघड? आमच्या टायमाला समदं विसानंच मोजायचं. चार विसा म्हंजी ऐंशी. चार विसा नि धा म्हंजी नव्वद.” आम्ही सगळे थक्क झालो. कॉलेजात दोन वर्षे न बसलेली गोष्ट आजीने एका वाक्यात बसवली! बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र फ्रेंच बोलणारी माणसे सत्तर आणि नव्वदला सरळ वेगळे शब्द वापरतात, हेही ध्यानात ठेवावे.

जिथे आपली मराठी मदत करत नाही, ती जागा म्हणजे कान. आपण जवळपास जसे बोलतो तसे लिहितो. फ्रेंच लिहिते भरपूर आणि उच्चारते थोडे. शेवटची अक्षरे बहुधा मुकी राहतात, आणि काही मुकी अक्षरे पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की एकदम बोलू लागतात. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ कागदावर वेगळे दिसते, पण कानाला दोन्ही ‘इल पार्ल’. डोळ्यांनी शिकलेल्या मुलीला त्या बाईंचे बोलणे कळले नाही, कारण ओळखीचे शब्द एकमेकांना चिकटून आले होते. यावर ऐकण्याखेरीज औषध नाही. फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओचे सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे बातमीपत्र मोबाईलवर फुकट मिळते. टी.व्ही.-५ माँद या वाहिनीचे धडेही फुकट आहेत. जानेवारी २०२४ पासून उरणला लोकल आली आहे. त्या लोकलमध्ये बसून ती एकच बातमी तीनदा ऐकू लागली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा मजकूर समोर धरून, तिसऱ्यांदा पुन्हा नुसती. पहिले दोन महिने तिला काही कळत नसे. तिसऱ्या महिन्यात वाक्ये सुटी होऊ लागली.

वाचनासाठी आम्ही वेगळाच मार्ग काढला. जे पुस्तक मराठीत वाचून पाठ झाले आहे तेच फ्रेंचमध्ये वाचावे, म्हणजे अर्थ आधीच हाती असतो आणि शब्दकोश दर ओळीला उघडावा लागत नाही. पण असे पुस्तक कोणते? तर वाचकहो, आपल्या दया पवारांचे ‘बलुतं’! १९७८ साली मराठीत आलेले हे पुस्तक १९९० साली फ्रेंचमध्ये निघाले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९९१ साली निघाले. दोन्ही अनुवाद गी प्वातव्हँ यांचे. हे गृहस्थ जन्माने फ्रेंच. मोठ्या वयात पुण्यात येऊन स्थायिक झाले, मराठी शिकले आणि हेमा राईरकर यांच्याबरोबर खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. परक्या मुलखातला माणूस प्रौढ वयात आपल्या आयाबहिणींची ओवी समजण्याइतकी मराठी शिकतो, तर आपली विशीतली मुले फ्रेंच का शिकणार नाहीत?

मुंबईतल्या एका ग्रंथालयातून मुलीने ते ‘बलुतं’ मिळवले. पहिले पान वाचायला तिला चार दिवस लागले. पण ती म्हणाली, “काका, कॉलेजच्या पुस्तकात पॅरिसच्या हॉटेलात कॉफी कशी मागवायची एवढंच होतं. ह्यात माझ्या आजोबांचं आयुष्य आहे.” जे सांगावेसे वाटते त्याचे शब्द लवकर पाठ होतात, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

बोलण्यासाठी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे ठरली. ती आमच्यासमोर पाच मिनिटे फ्रेंचमध्ये आपला दिवस सांगे, मग तेच मराठीत सांगे. आम्हाला फ्रेंच कळत नाही, म्हणून तिला आमची लाज वाटत नसे. जो शब्द अडला तो वहीत. आठवड्यातून एकदा ती वही घेऊन एका जाणकार बाईंकडे जाई आणि चुका दुरुस्त करून आणी. फसव्या शब्दांचे एक पान वेगळे केले. उदाहरणार्थ, ‘लिब्रेरी’ म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान.

आता कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची हौस आपल्याला कशाला? त्यांना आम्ही एवढेच सांगू, की १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जे अभ्यासक्रम घेतले, त्यांत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांच्या जोडीला प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक अभ्यासक्रम होता. म्हणजे बाबासाहेबही कधी काळी या पहिल्या पायरीवर उभे होते. जर्मनमध्ये ते तिथेच थांबले नाहीत. १९२१ साली बॉन विद्यापीठासाठी त्यांनी केलेला अर्ज जर्मन भाषेत आहे. शाळेत ज्यांना संस्कृत शिकू दिले नाही, त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने संस्कृत आत्मसात केली आणि पालीचे व्याकरण-कोशाचे काम हाती घेतले. भाषेचे दार बंद असणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

फ्रेंचशी आपला आणखी एक संबंध आहे. युरोपात बौद्ध धम्माचा पद्धतशीर अभ्यास उभा करणाऱ्यांत यूजेन ब्युर्नूफ हा फ्रेंच पंडित अग्रणी होता. पालीवरचा त्याचा आणि लास्सेनचा निबंध १८२६ चा, आणि भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरचा ग्रंथ १८४४ चा. आपल्या मराठी भाषेच्या जडणघडणीवरचा गाजलेला ग्रंथही झ्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने लिहिला. वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेले आपल्याला वाचता येऊ नये, हे किती दिवस चालायचे?

मुलीच्या वडिलांनी मात्र रोखठोक विचारले, “भाऊ, एवढं करून हाताला काय लागणार?”

त्यांना आम्ही खोटी आशा दाखवली नाही. ए पातळीच्या दाखल्यावर नोकरी मिळत नाही. बी-१ वरही कठीणच. बी-२ च्या पुढे भाषांतर, शिकवणी, पर्यटन, परदेशी पत्रव्यवहार करणाऱ्या कचेऱ्या, अशी दारे किलकिली होतात. आपल्या दारात १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर आहे. जगातल्या मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीचे मुख्यालय फ्रान्सच्या मार्सेय बंदरात आहे. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, मादागास्कर इथल्या कारभारात फ्रेंच चालते. पण बंदराचे रोजचे काम इंग्रजीतच होते, हेही खरे. म्हणून हिशेबाची, कॉम्प्युटरची किंवा कस्टमच्या कागदपत्रांची विद्या हातात हवी आणि फ्रेंच तिच्या जोडीला. नुसत्या फ्रेंचवर घर चालवण्याची भाषा करू नये. ते ऐकून वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “फी आता नको. पोराचं आय.टी.आय. आधी. वर्षभर ती घरीच अभ्यास करू दे. तुम्ही ऐकायला बसता ना रोज? मग झालं.” फीचे पैसे मुलाकडे गेले आणि मुलीचा अभ्यासही चालू राहिला. आम्हाला हा न्याय पटला.

यंदा पुन्हा घारापुरीला गेलो. मुलीने स्वतःहून एका फ्रेंच कुटुंबाला विचारले, “तुम्ही पूर्वेकडची टेकडी पाहिलीत का?” त्यांनी पाहिली नव्हती. मग ती सांगू लागली. स्तूप म्हणजे काय, इथे पूर्वी भिक्खू कसे राहत असतील, तिची आजी कुठल्या गावची, सगळे. मधेच अडखळली. एका ठिकाणी ‘गेली’चे ‘जायची’ झाले, ते तिने स्वतःच दुरुस्त केले. त्या कुटुंबातल्या लहान मुलाने काही विचारले ते तिला कळले नाही. पण या वेळी ती जमिनीकडे पाहत राहिली नाही. “कृपया पुन्हा सांगा, जरा सावकाश,” असे ती फ्रेंचमध्ये म्हणाली. त्याने पुन्हा सांगितले आणि तिला कळले.

वडील चार पायऱ्या खाली उभे होते. या खेपेला त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. नुसते ऐकत राहिले.

बी-१ ची परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल तो लागो. आपल्या घरात इंग्रजी असो, पाली असो की फ्रेंच, पहिल्या पायरीवर कोणी मूल लाजून थांबले असेल, तर त्याला “बोल की, थांबलास कशाला?” असे म्हणू नका. रोज पंधरा मिनिटे त्याच्यासमोर बसा आणि ऐका. तुम्हाला ती भाषा येत नसली तरी चालेल. आम्हाला कुठे येत होती? आता मात्र चार विसांपर्यंत मोजता येते.

जयभीम!